पिंपामागे एक रविवार

त्या वर्षी लोहाराचा भाता गप्प बसला. जमीन अशी तडकली होती की भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जावा. मग नांगराचा फाळ घेऊन भट्टीवर येणार कोण? एरवी घणाच्या आवाजाने दुपारची झोप मोडते म्हणून शेजारीपाजारी कुरकुर करायचे. आता तेच येता-जाता विचारायचे, "काय लोहार, आजही गार का?" लोहार उंबऱ्यावर बसून एकच विळा पुन्हा पुन्हा कानशीने घासत राहायचा. विळ्याचं निम्मं पातं त्या घासण्यात गेलं असावं.

गावातल्या विहिरींनी तळ दाखवला होता. ख्रिस्ती देवळाच्या आवारातला हापसा तेवढा अजून पाणी देत होता, तोही दहा वेळा खोकून, मग कुठे एक चूळ टाकल्यासारखं. पाळकांनी आवाराचं फाटक काढूनच ठेवलं. म्हणाले, ज्याला लागेल त्याने न्यावं, तो आपल्यातला आहे की नाही हे कुणी विचारायचं नाही. पण नदीच्या पलीकडच्या लोकांचं काय? नदी कसली, नुसती वाळू. ती तुडवत डोक्यावर हंडा नेणं म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जिवावर यायचं. रविवारची भक्ती संपल्यावर पाळकांनी विचारलं, "पलीकडे पाणी पोचवायला कुणाला जमेल?"

लोहाराकडे गाढवगाडी होती, रिकामं पिंप होतं आणि काम नव्हतं. पण त्याने तोंड उघडायच्या आत शेजारून लोहारणीचा हात वर गेला होता. सगळ्या बाकांवरच्या माना वळल्या. आता खरं सांगायचं तर त्या माना वळल्या ना, तिथेच सगळं बिनसलं.

कारण लोहारीण लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसत होती. कुणी बसवलं नव्हतं. कपड्यांना कोळशाचा वास येतो, असं तिचं तिलाच वाटायचं. पहिल्या बाकावर मास्तरीण. वर्षाच्या मोठ्या सभेला बाहेरगावचे पाहुणे यायचे, त्या वेळी नव्याने देवळात यायला लागलेल्यांना पुढे बोलवायची इथली रीत होती. ज्याने त्यांना आणलं तोही शेजारी उभा राहायचा, खांद्यावर हात ठेवून. मास्तरीण दरवर्षी पुढे असायची. दरवर्षी नवा खांदा. लोहारीण मागून टाचा उंचावून बघायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. एकदा, फक्त एकदा, आपणही तिथे उभं राहावं, एवढंच तिला हवं होतं. देवाकडे मागायला लाज वाटायची म्हणून ती मागत नव्हती, पण हवं होतं.

दुसऱ्या दिवशी नवराबायकोने मिळून पिंप भरलं. हापशाचा दांडा तिच्या छातीएवढा उंच. वर जाताना टाचा उचलायच्या, खाली येताना सगळं अंग टाकायचं. पिंप भरेतो तिच्या तळहातांना फोड आले. लोहाराने पिंपाला खाली तोटी बसवून दिली, गळू नये म्हणून चिंधी गुंडाळली आणि म्हणाला, "नदीकाठच्या गल्लीने जा. जवळ पडेल. ऊनही लागणार नाही."

"बघते," ती म्हणाली आणि बाजारातून गेली.

बाजारातून वळसा होता, चांगला लांबचा. पण तिथे दुकानं उघडी होती, माणसं होती. "कुठे निघालीस गं पाणी घेऊन?" कुणी विचारलं की ती गाडी थांबवायची. "पलीकडे. देवळातून. गरिबांना." गाढव बिचारं मुकं जनावर, दर दुकानापाशी थांबायला शिकलं.

नदीपलीकडच्या पहिल्याच झोपडीत दोरवाली राहायची. घायपाताचा वाख वळून दोर करायची. विहिरी खोल गेल्या तशी लोकांना लांब दोरांची गरज पडायला लागली, म्हणजे तिचा धंदा खरं तर याच वर्षी चालायचा. पण वाख भिजवल्याशिवाय पीळ बसत नाही, आणि भिजवायला पाणी कुठाय? ती कोरडाच वाख वळत होती. बोटांच्या पेरांना चिरा पडून त्यांत वाखाची कुसळं रुतली होती. दाराच्या सावलीत बाजेवर तिचा नवरा पडलेला. विहिरीतला गाळ काढायला उतरला असताना पडला, तेव्हापासून कमरेखाली जीव नाही आणि उजवा हातही नावालाच.

गाडी थांबली तशी दोरवाली उठली नाही. बसल्या बसल्याच तिने विचारलं, "काय द्यायचं?"

"छे हो, द्यायचं कसलं! देवाचं पाणी आहे."

"देवाचं असेल. पण हापसलं कुणी? आणि गाढव कुणाचं?"

लोहारीण हसली. दोरवाली हसली नाही. "बाई, राग मानू नका. हा पडला तेव्हा फुकट द्यायला खूप जण आले. दोन दिवस द्यायचे आणि तिसऱ्या दिवशी ऐकवायचे. मी फुकटचं घेत नाही."

तोवर नवऱ्याची नजर पिंपावर खिळली होती. तोटीतून एक थेंब लोंबत होता, तो पडेपर्यंत तो बघत राहिला. दोरवालीने ते पाहिलं. उठली, हंडा आणून तोटीखाली धरला. हंडा भरला. लोहारणीने तोटी बंद केली. दोरवाली दुसरं भांडं घेऊन आली आणि उभी राहिली.

"मग एक करा," लोहारीण म्हणाली. "रविवारी देवळात या."

म्हणाली ती हसतच. वाईट मनात काही नव्हतं, असं ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होती. पण हे म्हणताना तिचा हात तोटीवर होता, आणि तोटी बंद होती.

दोरवालीने हाताकडे पाहिलं, तोटीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. "किती वेळ लागतो?"

"फार नाही. दुपारच्या आत मोकळं."

"बरं. येते." बाजारात भाव ठरल्यावर माणूस मान हलवतो तशी तिने मान हलवली. "मग सोडा पाणी."

लोहारणीला तिथेच टोचलं. अगदी तिथेच. "अहो, तसं नाही, तुम्ही या न या, पाणी येणारच," एवढं बोलायला कितीसा वेळ लागला असता? पण तिने तोटी सोडली. पाण्याच्या आवाजात ते न बोललेलं वाहून गेलं.

रविवारी दोरवाली आली. धुतलेले कपडे, ओले केस चापूनचोपून बांधलेले, हातांवर मात्र वाखाचे ओरखडे. लोहारीण तिला हाताला धरून आत घेऊन गेली आणि त्या दिवशी शेवटच्या बाकावर बसली नाही, मधल्या बाकावर बसली. बाकांवरच्या माना पुन्हा वळल्या. मास्तरणीने तर चक्क मागे वळून मान हलवली, शाबासकी दिल्यासारखी. पाळकांनी नव्या पाहुण्या बहिणीचं स्वागत केलं आणि लोहारणीकडे पाहून हसले. लोहारणीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दोरवाली गुडघ्यांवर हात ठेवून सरळ बसली होती. गाणी चालू असताना तिची बोटं आपोआप एकमेकांवर फिरत होती, नसलेला वाख वळत.

बाहेर पडताना तिने एवढंच विचारलं, "उद्या पिंप येईल ना?"

"येईल की! न यायला काय झालं?"

"नाही, विचारलेलं बरं."

घरी जेवताना लोहाराने आढेवेढे न घेता विचारलं, "त्या बाईला असं तर वाटत नाही ना, की देवळात आलं तरच पाणी मिळतं?"

"तुमचं आपलं काहीतरीच! आवडलं म्हणून आली."

"मी बघत होतो. ती सारखी दाराकडे बघत होती."

"नवरा आजारी आहे, घरी लक्ष असणारच. एक माणूस माझ्या हातून देवाच्या दारात आलं, ते तुम्हाला बघवत नाही का?"

सासू कोपऱ्यात पेज भुरकत होती. दात नव्हते, पण जीभ शाबूत. "सूनबाई, पाणी पाजतेस की गळ टाकून बसलीस?" ती म्हणाली. लोहारणीने तिच्या पुढ्यातली वाटी जरा जोरातच उचलली. लोहार पुढे काही बोलला नाही. तो बोलला नाही म्हणजे त्याला पटलं नाही, हे तिला ठाऊक होतं.

मग ते तसंच सुरू झालं. पिंप जायचं, बाजारातून वळसा घालून. सकाळच्या गारव्यात निघालं तर दुकानं बंद असतात, म्हणून ती ऊन चढल्यावर निघायची. एकदा दोरवाली म्हणाली, "जरा पहाटे आलात तर वाख भिजत घालता येईल. ह्याला धुवायचंही असतं. दुपारपर्यंत असाच पडून राहतो." लोहारीण म्हणाली, "बघते हं, गाढव सकाळी अडतं." गाढव कधीच अडत नव्हतं. ते बिचारं शेजारी उभं राहून कान हलवत होतं.

आणि रविवारी दोरवाली यायची. एकदाही चुकली नाही. मधल्या बाकावरून त्या दोघी पुढच्या बाकावर सरकल्या. पाळकबाईंनी लोहारणीला चहाला बोलावलं. मास्तरीण म्हणाली, "तुमची बाई मोठ्या सभेला पुढे येईल ना?" तुमची बाई! लोहारीण ते दोन शब्द घोळवत घरी आली, आणि त्या दिवशी भांडी आपटल्याचा आवाज आला नाही.

मोठ्या सभेच्या आदल्या दिवशी तिने पिंप रिकामं करता करता सांगितलं, "उद्या पाहुणे येणार आहेत. नवीन माणसांना पुढे बोलावतात. बोलायचं काही नाही. नुसतं उभं राहायचं, मी शेजारी असेनच."

दोरवालीचं लक्ष आत होतं. बाजेवर नवरा डोळे मिटून पडला होता, ओठ सुकून पांढरे. "ह्याला कालपासून ताप आहे," ती म्हणाली. "उद्याचा रविवार राहू दे. पुढच्या खेपेला दोन धरा."

आता इथे तरी. इथे तरी लोहारणीने सांगायला हवं होतं. दोन धरा, म्हणजे ही मोजतेय. उघड उघड मोजतेय. आता न समजल्याचं सोंगही करता येण्यासारखं नव्हतं. पण सभा वर्षातून एकदा, आणि मास्तरीण विचारून गेलेली.

"उद्याचं जरा महत्त्वाचं आहे हो," ती गाढवाचा पट्टा आवळत म्हणाली. पट्टा आधीच घट्ट होता.

"म्हणजे उद्या नाही आले तर..."

दोरवालीने वाक्य पुरं केलं नाही. लोहारणीनेही केलं नाही. ती पट्ट्याशी खटपट करत राहिली. "या हो तुम्ही. लवकर सोडायला सांगते," ती म्हणाली आणि मागे न बघता गाडी हाकली.

सभेला मंडप घातला होता. बाहेरगावचे पाहुणे, गळ्यात उपरणी, इस्त्रीचे कपडे. कुठून कुठून आलेली माणसं हातातल्या कागदांनी वारा घेत होती. लोहारीण पहिल्या बाकावर, नव्या कपड्यांत. दोरवाली आली की नाही, म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. गाणं संपता संपता ती आली, धापा टाकत, वाळूने पाय माखलेले. लोहारणीच्या जिवात जीव आला. नवरा कसा आहे, हे विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

नावं पुकारली. दोघी पुढे गेल्या. लोहारणीने दोरवालीच्या खांद्यावर हात ठेवला. घामाने चिंब झालेला तो खांदा हाताखाली धापेने वरखाली होत होता. समोर एवढी तोंडं, आणि सगळी तिच्याकडे. इतकी वर्षं टाचा उंचावून जी जागा पाहिली तिथे ती उभी होती. त्यांतले मुख्य पाहुणे मोठे हौशी. त्यांनी मायेने विचारलं, "बहिणी, इथे यायला लागलात, तुम्हाला काय मिळालं ते सांगाल का सगळ्यांना?"

बोलायचं नसतं, असं ठरलं होतं. दोरवालीने लोहारणीकडे पाहिलं. मग सरळ उत्तर दिलं. तिला आडपडदा माहीत नव्हता.

"पिंप मिळतं. आठवडाभराच्या पिंपामागे एक रविवार, असं ह्या बाईंशी ठरलंय. मी एकही चुकवलेला नाही, ह्यांना विचारा." आवाज तक्रारीचा नव्हता. हिशोबाला चोख असलेल्या माणसाचा होता. "आता मला जाऊ द्या. माणूस तापाने फणफणलाय, घरी एकटा आहे. काल म्हटलं राहू द्या, तर नाही म्हणाल्या. पण आजचा रविवार धरा. मी आले होते, सगळ्यांनी बघितलंय."

आणि ती निघाली. मंडपाच्या मधोमध रस्ता होता, त्यातून, जवळजवळ पळत.

लोहारणीचा हात खांदा होता तिथेच राहिला, हवेत. तो खाली कसा घ्यायचा तेच तिला समजेना. वारा घेणारे कागदही थांबले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात, ते काय असतं हे तिला त्या दिवशी कळलं. धरणी तर तडकलेलीच होती, पण घेईना. पाहुण्यांचा चेहरा पडला होता. मास्तरीण खाली मान घालून आपल्या चपला बघत होती. मागच्या बाकावरून लोहार उठला. तो पुढे आला नाही. बाहेर जाऊन त्याने गाडी जुंपली. ते बघून तिचे पाय हलले.

गाढवाने सवयीने बाजाराकडे तोंड केलं. लोहाराने लगाम ओढून त्याला नदीकाठच्या गल्लीत घातलं. तेव्हा तिला दिसलं, रस्ता किती जवळचा होता.

झोपडीत पोचले तेव्हा दोरवाली जमिनीवर बसली होती. नवरा बाजेखाली पडलेला. डाव्या हाताने पाण्याचं भांडं ओढायला गेला आणि तोल जाऊन भांड्यासकट खाली आला होता. भांडं आडवं. सगळं पाणी मातीत मुरून चिखल झालेला, त्यातच त्याचं अंग, आणि अंगाखाली कपडे घाण झालेले. कपाळाला खोक. जिवंत होता. डोळे उघडे होते. लोकांना आत येताना पाहून त्याने तोंड भिंतीकडे वळवायचा प्रयत्न केला, तेही नीट जमलं नाही.

"पाणी... सांडलं," तो लोहारणीला म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती. "सगळं सांडलं हो." एवढ्या लांबून ओढत आणलेलं पाणी आपल्या हातून सांडलं, याची त्याला लाज वाटत होती.

लोहारीण त्या चिखलात गुडघ्यांवर बसली. नवे कपडे होते, ते कुणाला आठवतात. तिघांनी मिळून त्याला उचललं. अर्धं मेलेलं अंग सबंध माणसापेक्षा जड लागतं. लोहार पाणी आणायला परत गेला आणि गाडी पळवत घेऊन आला. मग दोघींनी त्याला धुतलं. पाठीला बाजेच्या दोऱ्यांचे वळ होते, कमरेखाली कातडी सोललेली, पिकलेली. दुपारपर्यंत असाच पडून राहतो, असं दोरवाली म्हणाली होती, ते हे. लोहारणीने फडकं भिजवलं, पिळलं, पुन्हा भिजवलं. हात थांबले की रडू येईल म्हणून ती थांबत नव्हती.

अंग पुसून झाल्यावर दोरवालीने विचारलं, "ह्याचे किती रविवार?"

लोहारणीला आधी कळलंच नाही.

"हे धुतलंत, उचललंत, वरून एक पिंप जास्तीचं. किती रविवार धरायचे?" टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती.

"एकही नाही." लोहारीण म्हणाली. "अहो, तसं कधीच नव्हतं."

"कधीच नव्हतं?"

"नाही."

दोरवालीने हातातलं फडकं खाली ठेवलं. "तुम्हाला माहीत होतं, मला काय वाटतंय ते?"

बाजेवरचा माणूसही बघत होता. लोहार दारात पाठमोरा उभा होता. "माहीत होतं," लोहारीण म्हणाली.

दोरवालीने नवऱ्याच्या अंगावर पांघरूण ओढलं. मग लोहारीण घाईघाईने म्हणाली, "उद्यापासून पहाटे येईन. रोज. काही नको मला. देवळात नका येऊ, काही नका देऊ. मला एवढं करू द्या."

"बाई," दोरवाली म्हणाली, "काल तुम्हाला पुढे उभं राहायचं होतं म्हणून मी यायचं. आज तुम्हाला लाज वाटतेय म्हणून मी फुकट घ्यायचं. माझ्या दारात तुमचंच सगळं चाललंय." ती रागावली नव्हती, दमली होती. "पाणी मला पाहिजे. नाही म्हणायची माझी ऐपत नाही. पण पिंपामागे वावभर दोर नेत जा. मग मला तुमच्याकडे बघता येईल."

दोन हात पसरून होतो तेवढा दोर. लोहारीण मान हलवून निघाली.

पहाटे ती हापशावर गेली तेव्हा पाळक तिथे आधीच उभे होते. त्यांनी दांडा हातात घेतला आणि हापसायला लागले. त्यांना सवय नव्हती, चार हिसक्यांत दम लागला. "दर रविवारी ती दाराकडे बघायची," ते धापा टाकत म्हणाले. "मलाही दिसत होतं. पण बाक भरलेला बघून मलाही बरं वाटत होतं."

तिने पिंपावर हात ठेवून रात्रभर मनात घोळवलेलं बोलून टाकलं. "येत्या रविवारी मी पुढे येऊन सगळ्यांसमोर कबूल करते. माफी मागते."

पाळकांनी हापसणं थांबवलं. "पुढे येऊन?" त्यांनी विचारलं. "पुन्हा पुढेच?"

तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पाळकांनी खाली बघून दांडा पुन्हा दाबला. त्या रविवारी ती दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली. काही जणी तिच्याकडे बघून कुजबुजल्या, काही जणी नजर चुकवून गेल्या. कुजबुजणाऱ्या बऱ्या वाटल्या.

पिंप पहाटे जायला लागलं, नदीकाठच्या गल्लीने. त्या वेळी गल्लीत कुत्रंही नसायचं. दोरवाली तोटी चालू होण्याआधी वावभर दोर गाडीवर टाकायची, मग हंडा लावायची. बोलणं फारसं नाही. "ताप उतरला?" "उतरला." वाख आता भिजलेला असायचा, पीळ घट्ट बसायचा. पाठीची जखमही हळूहळू कोरडी पडत होती. लोहार एकदा बरोबर गेला आणि बाजेला लोखंडी कठडा ठोकून आला. दोरवालीने त्याचेही दोन वाव दिले. त्याने मुकाट्याने घेतले.

घरात दोरच दोर झाले. भट्टीच्या खुंट्या भरल्या, मग दाराच्या मागे, मग माळ्यावर. लोहाराकडे बैल ना विहीर. सासू म्हणाली, "सूनबाई, गाव पळून जाणार आहे का? बांधून ठेवायचंय?" रोज नवा दोर खुंटीला अडकवताना लोहारणीचे हात कुसळांनी खाजायचे. विकावा तर दोरवालीच्याच गिऱ्हाइकांना विकल्यासारखं, फेकावा तर तिच्या हातांची कमाई. तो तसाच डोळ्यांसमोर लटकत राहायचा. निम्मा उन्हाळा असा गेला.

एका पहाटे गाडी थांबली आणि दोरवाली हंडा घेऊन बाहेर आली. हातात दोर नव्हता. डोळे तांबारलेले, केस विस्कटलेले.

"आज दोर नाही," ती म्हणाली. "ह्याला रात्रभर उचक्या लागल्या होत्या. वळायला जमलं नाही."

लोहारणीचा हात तोटीवर होता, आणि तोटी बंद होती. दोघींची नजर एकदमच त्या हातावर गेली. काहीतरी बोलावंसं तिला फार वाटलं. असू दे हो, म्हणावं. कशाला दोर, आपण का परक्या, म्हणावं. सगळं अगदी ओठांवर आलं. दोरवाली तिच्या तोंडाकडे बघत उभी होती, ती काय म्हणते ते ऐकायला. आणि लोहारणीने तोंड मिटूनच ठेवलं. तोटी सोडली.

हंडा भरला. तिने तोटी बंद केली नाही, दोरवालीने दुसरं भांडं पटकन खाली सरकवलं. थोडं पाणी मध्ये सांडलं. त्याचं कुणी काही केलं नाही.

"उद्या येताना जुनं फडकं असेल तर आणा एखादं," दोरवाली भांडं उचलता उचलता म्हणाली. "ह्याला पुसायला. आमची सगळी फाटली."

पहिल्यांदाच तिने काही मागितलं होतं. मोबदल्यात काय, ते बोलली नाही.

"आणते," लोहारीण म्हणाली.

परत येताना उजाडलं होतं. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर गाढव जुन्या सवयीने बाजाराकडे वळायला लागलं. दुकानांच्या फळ्या उघडत होत्या, माणसं बाहेर येत होती. तिने माझ्याकडे फडकं मागितलं, हे कुणाला तरी सांगावं म्हणून लोहारणीचा जीव नुसता वरखाली होत होता. एवढंच सांगावं, कुणालाही. एका दुकानदाराने हाकही मारली, "काय गं, एवढ्या सकाळी कुठून?"

"कुठूनच नाही," ती म्हणाली आणि आपल्याच तोंडून काही निघायच्या आत तिने लगाम खेचून गाढवाचं तोंड घराकडे वळवलं.